धुरावरून कारणाकडे : बदललेल्या टू-स्ट्रोक स्कूटरचं निदान



मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमानाचा विचार केला. डोंगरावर धूर दिसतो आणि तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर म्हणतो? व्याप्ती म्हणजे काय, हेतू फसवा कधी ठरतो, हे सगळं आपण पाहिलं. त्यावर काही तरुण श्रोत्यांनी अशी मागणी केली की, डोंगर आणि धूर ठीक आहे, पण रोजच्या व्यवहारातलं एखादं उदाहरण घ्या, जिथे अनुमान चुकलं तर खरीखुरी किंमत मोजावी लागते. मागणी रास्त आहे. म्हणून आज मी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर घेतो आहे. तीही कंपनीतून आली तशी नाही. ब्लॉक, सायलेन्सर, कार्बुरेटर बदललेली.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं, असं कोणी विचारेल. एक तर माझ्या पिढीतल्या पुण्यातल्या माणसाला स्कूटर परकी नाही. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं आहोत आम्ही. आणि दुसरं, दोष शोधणं हा तर्काचाच उद्योग आहे. दिसतं ते लक्षण, शोधायचं असतं ते कारण. मधली वाट चुकली की पिस्टन जातो, आणि कधी कधी माणूसही जातो. तेव्हा आजचा विषय वाटतो तितका हलका नाही.

आधी यंत्र समजून घेऊ

आपलं उदाहरण बजाज चेतकचं. १९७२ पासून ती बाजारात आली आणि जवळजवळ तीन दशकं तिचं टू-स्ट्रोक इंजिन महाराष्ट्रातल्या घराघरांत होतं. आज चेतक हे नाव विजेवरच्या स्कूटरला आहे, पण मी बोलतोय ती जुनी, किकवाली. मूळ घराणं इटलीच्या व्हेस्पाचं. सिलिंडरचा व्यास ५७ मि.मी., पिस्टनची धाव ५७ मि.मी., म्हणजे आकारमान १४५.४५ सीसी. ताकद सात-साडेसात अश्वशक्ती.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. पिस्टन वर जाताना डोक्यावरचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी पोटाखाली, क्रँककेसमध्ये, नवं मिश्रण ओढून घेतो. स्फोट होऊन खाली येताना आधी एक्झॉस्टचं पोर्ट उघडतं, जळलेला वायू बाहेर पडतो. मग बाजूची ट्रान्सफर पोर्टं उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलेलं ताजं मिश्रण वर येतं. म्हणजे क्रँककेस इथे पंपाचं काम करते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुसरी गोष्ट, क्रँककेसमधून पेट्रोलचं मिश्रण जात असल्यामुळे तिथे वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरला २० मि.ली., म्हणजे दोन टक्के, हे नेहमीचं प्रमाण. पंपावर टू-टी ऑइलचं हँडलवालं यंत्र असायचं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.

आता थोडं गणित. मिनिटाला ५,००० फेरे धरले, तर सेकंदाला ८३ स्फोट होतात. एका फेऱ्याला मिळतात १२ मिलिसेकंद. तेवढ्यात ओढणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं, सगळं उरकायचं. या घाईत ठिणगीची वेळ, हवा-पेट्रोलचं प्रमाण आणि नळ्यांची लांबी यांचं एकमेकांशी जमावं लागतं. ट्युनिंग ते याला म्हणतात. वाद्य लावण्यासारखंच आहे हे. एक तार ओढली की दुसरीही तपासावी लागते.

बदल म्हणजे नक्की काय बदलतं

मंडळी बदल करतात ते साधारण तीन ठिकाणी.

पहिला ब्लॉक. व्हेस्पाच्या दीडशे सीसी इंजिनासाठी युरोपात ६३ मि.मी. व्यासाचे किट मिळतात. धाव तीच ५७. हिशोब केला तर १७७ सीसी होतात. म्हणजे आकारमान २२ टक्क्यांनी वाढलं. जास्त मिश्रण जळणार, म्हणजे जास्त उष्णता तयार होणार. ती घालवायला मात्र फ्लायव्हीलवरचा तोच जुना पंखा आहे. म्हणून हेडवरचं पत्र्याचं काउल अडचण होते म्हणून काढून ठेवणं, किंवा फ्लायव्हीलची तुटलेली पाती तशीच चालवणं, हे साध्या गाडीत एक वेळ खपून जाईल, बदललेल्या गाडीत खपणार नाही. काउल नसेल तर पंख्याची हवा सिलिंडरवर जातच नाही, इकडे-तिकडे उडून जाते.

दुसरा सायलेन्सर. मूळ सायलेन्सर काढून पोट फुगलेली नळी, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर लावतात. याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्व जर्मनीत एमझेड नावाचा मोटरसायकलचा कारखाना होता. तिथे वॉल्टर काडेन या इंजिनिअरने १९५० च्या दशकात एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटांचा पद्धतशीर उपयोग करून घेतला. पोर्ट उघडलं की दाबाची लाट नळीतून धावते. नळी रुंद होत जाते तिथून ओढणारी लाट परत येते, नळी अरुंद होत जाते तिथून ढकलणारी. पहिली लाट जळलेला वायू ओढून काढते. दुसरी लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये रेटते. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे २०० होतात. त्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा चालक अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे निघून गेला. जाताना ही विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ५० सीसी गटाचं जागतिक अजिंक्यपद सुझुकीला मिळालं. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेल्या त्या नळीच्या मागे एवढा इतिहास आहे.

पण त्या नळीची एक अट असते. गरम वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते, म्हणजे एका मिलिसेकंदात अर्धा मीटर. ६,००० फेऱ्यांना एक फेरा १० मिलिसेकंदांचा. एक्झॉस्ट पोर्ट साधारण १७० अंश उघडं राहत असेल, तर त्याला पावणेपाच मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात लाट जाऊन-येऊन सव्वादोन-अडीच मीटर चालेल, म्हणजे एकेरी अंतर एक-सव्वा मीटर. नळीची लांबी त्या हिशोबाने ठरवतात. आता तीच गाडी ३,००० फेऱ्यांवर चालवा. पोर्ट दुप्पट वेळ उघडं आहे, लाट मात्र पूर्वीच्याच वेळात परत येते. ती नको त्या क्षणी येऊन धडकते. म्हणून "सर, नळी लावल्यापासून गाडी खालच्या रेसला उचलत नाही, वर गेली की एकदम उसळते" ही तक्रार ऐकली, तर दोष शोधायला जाऊ नका. तो त्या नळीचा स्वभाव आहे. दोष आणि स्वभाव यांत फरक करणं हे निदानातलं पहिलं काम.

तिसरा बदल कार्बुरेटरचा. मोठा कार्बुरेटर, नाहीतर मूळच्यातच मोठा जेट. जेट म्हणजे पितळेचा खिळा, मधोमध बारीक भोक. त्यावरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो. १०० म्हणजे एक मि.मी. इथे अनेकांचा अंदाज चुकतो. १०० चा जेट काढून १०५ चा घातला, तर पेट्रोल पाच टक्के वाढेल असं वाटतं. पण वाहतं ते क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणून वाढ दहा टक्क्यांची होते. आकडा लहान दिसतो, परिणाम दुप्पट.

आधी गळती, मग ठिणगी, मग पेट्रोल

बदललेली गाडी लावायला बसलात की हात आपोआप कार्बुरेटरकडे जातो. तो आवरा. कार्बुरेटर सगळ्यात शेवटी. क्रम असा ठेवा.

सर्वांत आधी हवेची गळती. मघाशी म्हटलं, क्रँककेस हा पंप आहे. पंप फुटका असेल तर पुढचं सगळं ट्युनिंग व्यर्थ. क्रँकच्या दोन बाजूंना दोन ऑइल सील असतात. फ्लायव्हीलकडचं सील गेलं की तिथून कोरी हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मूठ सोडली तरी रेस लवकर उतरत नाही, गाडी उभ्या-उभ्या भणाणत राहते. अशा वेळी मोठा जेट घातला तर गाडी काही दिवस बरी चालेल. पण ते म्हणजे तापलेल्या माणसाचं थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यासारखं झालं. आकडा उतरला, ताप अंगातच राहिला. चांगला मिस्त्री इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून आत हलका दाब भरतो आणि काटा किती वेळ टिकतो ते बघतो. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून फुगे कुठे येतात ते पाहायचं. ही तपासणी कंटाळवाणी आहे खरी, पण तिच्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग ठिणगी. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ मि.मी. लागतं, प्लगमधलं ०.६. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच पडावी लागते, कारण मिश्रण जळायलाही वेळ लागतो. वीस-बावीस अंश आधी म्हणजे पिस्टन माथ्यापासून जेमतेम अडीच मि.मी. खाली असताना. इथे अर्ध्या मि.मी.चा घोळसुद्धा मोठा ठरतो. ब्लॉक मोठा केला की दाब आणि उष्णता वाढते, म्हणून ठिणगी दोन-तीन अंशांनी उशिरा पाडणं शहाणपणाचं. फ्लायव्हील ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला स्टेटरची प्लेट थोडी सरकवली की ठिणगी उशिरा पडते. चढावर हेडमधून टिणटिण असा बारीक धातूचा आवाज येत असेल, तर ठिणगी फार लवकर पडते आहे किंवा मिश्रण पातळ आहे. तो आवाज ऐकून मूठ आणखी पिळू नका.

आणि शेवटी पेट्रोल. कार्बुरेटरमधले वेगवेगळे रस्ते मुठीच्या वेगवेगळ्या टप्प्यांना काम करतात. उभ्या गाडीला आणि पाव मुठीपर्यंत स्लो जेट आणि मिक्श्चरचा स्क्रू. त्यापुढे मेन जेटचं राज्य सुरू होतं. म्हणून तक्रार ऐकताना पहिला प्रश्न विचारायचा, "मूठ किती पिळल्यावर होतं?" ताशी किती किलोमीटरला होतं, याला फारसा अर्थ नाही. पाव मुठीला अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणं म्हणजे गुडघा दुखतोय म्हणून चष्मा बदलण्यासारखं आहे.

मेन जेट तपासायची जुनी रीत अशी. मोकळ्या, सुरक्षित जागी गाडी पूर्ण मुठीवर थोडी पळवायची, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं, गाडी थांबवून प्लग काढायचा. चिनी मातीचा भाग चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओलसर असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर थांबा, मिश्रण पातळ आहे.

धूर आणि उपाधी

आता आपल्या मूळ विषयाकडे. नैयायिकांनी एक सुंदर भेद केला आहे. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला अग्नीबरोबर ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटलं. उपाधी ज्याला दिसत नाही, तो अर्धं कारण पूर्ण समजतो.

गाडीचा धूर घ्या. गाडी पांढरा-निळसर धूर सोडते. शेजारी लगेच सांगतो, "ऑइल जास्त पडलंय, कमी कर." या वाक्यात काय गृहीत धरलंय ते बघा. ऑइल जास्त झालं की धूर येतो, हे खरं. पण धूर आला की ऑइलच जास्त झालं, हे कसं? टू-स्ट्रोक गाडीला धूर येण्याची निदान तीन कारणं संभवतात. एक, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल खरंच जास्त आहे. दोन, गाडी महिनोन्महिने बाजार आणि ऑफिस एवढ्यावरच फिरली, सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल साचलं आणि ते आता जळतंय. तीन, क्लचकडचं ऑइल सील गेलंय आणि क्रँककेस गिअरबॉक्समधलं ऑइल शोषून घेते आहे.

तीनही वेळा धूर दिसायला जवळपास सारखा. मग निवड कशी करायची? इथे अन्वय-व्यतिरेक कामाला येतो. कारण असेल तर कार्य असावं, कारण काढलं तर कार्य जावं. मोजून दोन टक्के ऑइल घातलेलं ताजं पेट्रोल भरा. धूर गेला, तर पहिलं कारण. नाही गेला, तर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. हळूहळू कमी होत गेला, तर दुसरं. तरीही नाही, तर गिअरबॉक्सचं ऑइल तपासा. त्यात सगळं मिळून पाव लिटरच असतं, त्यामुळे घट लगेच कळते. घटलं असेल आणि खाली जमिनीवर डाग नसेल, तर ते गेलं कुठे याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि त्या शेजाऱ्याचा सल्ला ऐकला असता तर? खरं कारण सील असताना टू-टी ऑइल कमी केलं असतं. धूर तसाच राहिला असता, म्हणून आणखी कमी केलं असतं. आणि एक दिवस, जिथे सर्वांत जास्त वंगण लागतं तिथेच, पिस्टन कोरडा पडला असता.

अगदी उलटी चूकही होते. "इंजिन जपायचंय म्हणून मी ऑइल दुप्पट घालतो" असं म्हणणारे भेटतात. पण जेटमधून जातं ते पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण. ऑइल दोनचं चार टक्के केलं की त्याच भोकातून पेट्रोल सुमारे दोन टक्के कमी जातं. म्हणजे ऑइल वाढवलं आणि मिश्रण किंचित पातळ झालं. साध्या गाडीला हा फरक जाणवणार नाही. काठावर लावलेल्या गाडीला जाणवतो.

स्कूटर तिरकी करण्याचं कोडं

आपल्याकडे एक विधी होता. स्कूटर सुरू झाली नाही की ती बाजूला तिरकी करायची, दोन क्षण धरायची, सरळ करून किक मारायची. बरेचदा सुरू व्हायची. का?

थंड इंजिन असेल, तर तिरकं केल्याने फ्लोटच्या भांड्यातली पातळी हलते, थोडं जास्तीचं पेट्रोल आत जातं आणि चोक ओढल्यासारखा परिणाम होतो. टाकीत पेट्रोल अगदी तळाला असेल, तर ते कॉककडे सरकतं. फ्लोटची सुई अडकली असेल, तर हलवाहलवीने सुटते. म्हणजे उपाय एक, आणि तो तीन वेगवेगळ्या कारणांवर लागू पडतो. गाडी सुरू झाली, पण तिन्हींतलं कोणतं कारण होतं हे काही कळलं नाही. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होतं, असं होत नाही. औषधाच्या, शेतीच्या, राजकारणाच्याही बाबतीत हे खरं आहे, पण तो आजचा विषय नाही.

कारण वेगळं काढायचं असेल तर उपाय असा निवडावा की तो एकाच कारणावर चालेल. उदाहरणार्थ, गाडी वरच्या रेसला मिस मारते. मिश्रण जाड आहे की पातळ? मध्यम वेगाने जाताना क्षणभर चोक ओढून पाहा. सुधारली तर पातळ होती, बिघडली तर जाड होती, आणि काहीच फरक पडला नाही तर लक्ष ठिणगीकडे न्या. प्लग, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. एका साध्या कृतीने तीन शक्यता तीन वाटांना लागल्या.

आणि एका वेळी एकच बदल. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हे सूत्र मांडलं. बाकी सगळं तसंच ठेवा, एकच गोष्ट बदला, मग फरक पडला तर तो तिच्यामुळे. रविवारी सकाळी बसून प्लग, जेट आणि टाइमिंग तिन्ही एकदम बदलणाऱ्याला गाडी सुधारली तरी का सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट सापडत नाही. एक वही ठेवा. तारीख, जेटचा आकडा, प्लगचा रंग, हवा गार होती की उन्हाळा होता. गार हवा घट्ट असते, तिच्यात प्राणवायू जास्त. मे महिन्याच्या दुपारी नेमकी लावलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे पातळ चालते, हे वही नसेल तर लक्षातच येत नाही.

दोन चुका सारख्या नसतात

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मिश्रण जाड ठेवण्याची चूक आणि पातळ ठेवण्याची चूक, या दोन्ही चुकाच. पण त्यांची किंमत सारखी नाही. जाड मिश्रणाने प्लग काळा होतो, गाडी भकभकते, पेट्रोल जास्त लागतं, हवाही जास्त खराब होते. पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो.

पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. १०० अंश सेल्सियस तापमान वाढलं तर ५७ मि.मी.चा पिस्टन सुमारे ०.१३ मि.मी. फुगतो, आणि बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच. दोघांतली मोकळी जागा केसाच्या जाडीच्या हिशोबातली. त्यात पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त तापतो. जागा संपली की पिस्टन भिंतीला चिकटतो. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत "गाडी सीज झाली". इंजिन थांबतं, गिअरमध्ये असेल तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. ताशी साठ-सत्तरच्या वेगाने, लहान चाकांच्या गाडीवर, मागे कोणी बसलेलं असताना काय होऊ शकतं, ते मी वर्णन करत नाही.

आणि यातली दुष्ट गोष्ट अशी, की सीज होण्याच्या थोडं आधी गाडी सर्वांत गोड चालते. मिश्रण पातळ होत जातं तशी ती मोकळी पळायला लागते, आवाज स्वच्छ होतो, माणूस खूश होतो. इथे सुखाची जाणीव हा फसवा हेतू ठरतो. म्हणून लावताना नेहमी मोठ्या जेटपासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी खाली यायचं. लहानापासून वर चढत जायचं नाही. ज्या बाजूची चूक भरून येते, त्या बाजूने सत्याकडे जावं.

घाट उतरतानाही हे ध्यानात ठेवा. दिवे घाट असो की खंबाटकी, लांब उतारावर मूठ पूर्ण बंद आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मधूनमधून थोडी मूठ द्या. सलग वेगात असाल तर डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असू द्या. ताकद अचानक ढिली पडली, आवाज दबला, की आधी क्लच दाबायचा, बाकी विचार नंतर. मग कडेला घ्या, इंजिन गार होऊ द्या. लगेच किका मारत बसू नका.

नव्या पेट्रोलचा प्रश्न

या सगळ्यात एक नवी गोष्ट आली आहे. २०२३ पासून आपल्याकडच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. जुन्या कार्बुरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच प्रमाणात देत राहतो, आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. मघाचं वर्गाचं गणित लावा. सात-आठ टक्के भरून काढायला जेटचा व्यास साधारण चार टक्के वाढवावा लागेल, १०० चा १०४ च्या आसपास. काठावर लावलेल्या बदललेल्या गाडीला हा फरक सहज महागात पडेल. दहा वर्षांपूर्वी नेमका बसलेला जेट आज नेमका राहिलेला नाही. जेट तोच आहे, परिस्थिती बदलली. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्बुरेटर रिकामा करा, पाइप आणि सील तपासत राहा.

रस्ता आणि कायदा

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा १७७ सीसीचा ब्लॉक आणि मोकळी नळी लावून रस्त्यावर फिरणं हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही उभा राहतो. आणि टू-स्ट्रोक इंजिन ताज्या मिश्रणाचा काही भाग न जाळताच बाहेर टाकतं, तो शेजारच्यांच्या फुप्फुसांत जातो. हौस माझी, धूर दुसऱ्याचा, हे नीतिशास्त्रातलं अगदी सोपं गणित आहे. बदललेली गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवा, रस्त्यासाठी मूळ अवस्थेतली नीट लावून ठेवा. आज सांगितलेलं सगळं निदान त्या साध्या गाडीलाही तितकंच लागू आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : जुने मिस्त्री नुसता कान देऊन दोष सांगतात. त्यांना ना वही लागते, ना न्यायशास्त्र. मग हे सगळं कशासाठी?

उत्तर : चांगला प्रश्न. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ साली असा भेद मांडला, की एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. मिस्त्रींचं ज्ञान दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि मला त्याचा मोठा आदर आहे. पण त्यांच्या कानाच्या मागे चाळीस वर्षांच्या हजारो गाड्या आहेत. व्याप्ती त्यांच्या अंगात मुरलेली आहे. तुमच्याकडे एकच गाडी आहे, तेव्हा तुम्हाला वही लागेल. आणि ही पिढी आता थकत चालली आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्यांच्याजवळ बसावं, ते कशाला काय म्हणतात, कुठला आवाज कशाचा, हे लिहून घ्यावं. पुस्तकात ते मिळणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला हाच नाद लागलाय. मी त्याला थांबवावं का?

उत्तर : मी असतो तर गॅरेजमधून त्याला उठवलं नसतं. स्वतःच्या हातांनी कारण शोधायची सवय फार थोड्या ठिकाणी लागते. पण दोन अटी घातल्या असत्या. एक, चांगलं हेल्मेट आणि मागे कोणाला बसवायचं नाही. दोन, कुठलाही बदल केल्यावर तो का केला आणि त्यामुळे काय अपेक्षित आहे, हे गाडी सुरू करण्याआधी तुम्हाला सांगायचं. ज्याला आधी सांगता येत नाही, त्याने अजून स्क्रू ड्रायव्हर उचलू नये. त्याचं म्हणणं चुकलं तरी रागावू नका, त्याला ते वहीत लिहायला सांगा.

पुढच्या वेळी आपण हेत्वाभासांचे पाच प्रकार घेणार आहोत. येताना प्रत्येकाने रोजच्या व्यवहारातलं एकेक उदाहरण शोधून आणावं. स्कूटर सोडून.